छातीतली तलवार आणि शाळेचा गणवेश : ‘गॉब्लिन’ पाहिलेल्यांचे अनुभव

दक्षिण कोरियाच्या टीव्हीएन वाहिनीवर 2 डिसेंबर 2016 ते 21 जानेवारी 2017 या काळात 16 भागांत दाखवली गेलेली ‘गॉब्लिन’ ही मालिका मी आजवर तीनदा पाहिली आहे आणि तिन्ही वेळा तिच्यावर चिडलो आहे. कोरियातल्या जुन्या गोरियो राजवटीच्या काळातला सेनापती किम शिन स्वतःच्याच राजाच्या आज्ञेने मारला जातो आणि छातीत रुतलेली तलवार घेऊन 900 हून अधिक वर्षे जगत राहतो. ती तलवार फक्त त्याच्या नियत वधूला दिसते, तिलाच ती उपसता येते, आणि उपसली की त्याचा शेवट होतो. असा पेच रचणाऱ्या लेखिका किम उन-सूक यांनी ती वधू शाळकरी मुलगीच का ठरवावी, हे मला अजून उलगडलेले नाही. शेवटच्या भागाचा टीआरपी कोरियातल्या केबल वाहिन्यांच्या मालिकांत तोवरच्या सर्वाधिक टीआरपींपैकी एक होता. म्हणजे गुंतलेला मी एकटाच नाही. ज्यांचे मन या मालिकेत अडकले आणि तिथेच खटकलेही, त्यांनी जरूर लिहावे. नुसते ‘छान’ किंवा ‘भंगार’ नको, नेमके कुठे आणि का ते हवे. शेवट उघड झाला तरी हरकत नाही.

डोंबिवली

मी ही मालिका बारावीतल्या मुलीबरोबर बसून पाहिली, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. किम शिन झालेले गोंग यू यांचा जन्म 1979 चा, त्याची वधू जी उन-तक झालेल्या किम गो-उन यांचा 1991 चा. नटांच्या वयातले हे अंतर आपल्या चित्रपटांच्या मानाने काहीच नाही. पण पडद्यावर उन-तक शाळेच्या गणवेशात असते. मी कुरकुर केली तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, तो नऊशे वर्षांचा आहे, मग ती एकोणीसची काय आणि एकोणचाळीसची काय!” तिला उत्तर देता आले नाही, ते रात्री भांडी आवरताना सुचले. मला वय खटकतच नव्हते. त्या मुलीला आई नाही, घर नाही, मावशीचा डोळा आईने ठेवलेल्या पैशांवर आहे, आणि आसरा देणारा तोच प्रियकर आहे. जिला दुसरीकडे जायला जागाच नाही, तिच्या होकाराचे वजन कसे करायचे? मावशीचा छळ तर चक्क विनोदासाठी वापरला आहे. एवढे असूनही ती मेणबत्ती फुंकून किम शिनला बोलावते आणि हा हातातले काम टाकून, गोंधळलेल्या चेहऱ्याने तिच्यापुढे उभा राहतो, तेव्हा आम्ही दोघी प्रत्येक वेळी हसलो.

वेंगुर्ले

‘गॉब्लिन’ हे इंग्रजी नाव दिशाभूल करणारे आहे. मूळ शब्द ‘दोक्केबी’. कोरियन लोककथांतला दोक्केबी जुन्या, माणसाच्या हाताळणीतल्या वस्तूंतून, उदाहरणार्थ रक्त लागलेल्या केरसुणीतून, जन्मतो. त्याला कुस्तीची खुमखुमी असते आणि बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाची जेली त्याच्या आवडीची. मालिकेच्या पूर्ण कोरियन नावात त्याला एकाकी आणि तेजस्वी देव म्हटले आहे, तर इंग्रजी नावात ‘गार्डियन’ आहे, म्हणजे आमचा राखणदारच. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची फेरी मारतो म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, आणि भाविक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, हे ऐकत मी वाढलो असल्याने किम शिन मला पहिल्याच भागात ओळखीचा वाटला. तक्रार अशी की, कोरियातल्या गावकऱ्यांशी कुस्ती खेळणाऱ्या त्या खट्याळ भुताचा इथे लांब कोट घालणारा, वाड्यात राहणारा धनाढ्य पुरुष झाला आहे. गावचा होता तो शहराचा झाला. त्याचा खट्याळपणा थोडाफार उरला आहे तो त्याच्याच वाड्यात राहणाऱ्या यमदूताबरोबरच्या भांडणांत, आणि दोघे कांद्याची पात घेऊन ऐटीत चालत येतात त्या दृश्यात.

पुणे

तलवार पाहून अश्वत्थामा आठवला नाही असा मराठी प्रेक्षक विरळाच. फरक एवढाच की अश्वत्थाम्याने झोपेतली मुले मारली होती, तर किम शिनने राजासाठी लढाया केल्या होत्या. तरीही, मारलेले शत्रूसुद्धा देवाचीच लेकरे होती, असे त्याला ऐकवले जाते. हा विचार मला फार मोलाचा वाटला. पुढच्या भागांत तो जवळजवळ विसरला जातो, याचे वाईट वाटले.

माँट्रियल

मी क्युबेक शहरातल्या प्ती-शांप्लँ रस्त्यावरचे ते लाल दार पाहून आले. किम शिन कोरियात दार उघडतो आणि त्याच्या पाठोपाठ उन-तक थेट इथे पोहोचते, ते हेच. फोटोसाठी बरेच लोक खोळंबले होते आणि मला प्रेमकथेचे काहीही आठवत नव्हते. मनात एकच आले, की हे दार उघडावे आणि पलीकडे सांगलीचे आमचे अंगण असावे. ज्या महिन्यात बाबा रुग्णालयात होते, त्या महिन्यात मी ही मालिका पाहिली होती आणि विमानाचे तिकीट मिळत नव्हते. त्यामुळे ती चांगली की वाईट, हे मला आता ठरवताच येत नाही.

नागपूर

माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे, म्हणून मी या मालिकेकडे वेगळ्या बाजूने पाहते. यमदूत मृतांना चहा देतो आणि तो प्यायला की या जन्मीचे सारे पुसले जाते. तो चहा म्हणजे देवाची दया आहे, असे तो सांगतो. मला ते पटत नाही आणि पूर्णपणे नाकारताही येत नाही, कारण आई माझे नाव विसरली तशीच माझ्या भावाचा मृत्यूही विसरली आहे. किम शिन नाहीसा झाल्यावर आठवणी हातातून सुटत असताना उन-तक पावसात वहीत भराभरा लिहीत सुटते, ते दृश्य मी एका बैठकीत पाहू शकले नाही. आईचीही अशी एक वही आहे. तिच्या शेवटच्या पानांवर केवळ दुधाचा हिशेब उरला आहे.

मालिकेतले सर्वांत प्रामाणिक पात्र मला यमदूताच्या प्रेमात पडलेल्या सनीचे वाटते. यमदूत हाच आपल्याला मारवणारा गेल्या जन्मीचा राजा आहे, हे तिला आठवते, आणि प्रेम असूनही या जन्मी ती त्याच्यापासून दूर जाते. कोणी समजूत घालत नाही, कोणी क्षमेचे भाषण देत नाही. याउलट उन-तक 29 व्या वर्षी लहान मुलांची बस वाचवताना मरते, चहा नाकारते, म्हणून पुढच्या जन्मी तिला सारे आठवते. आणि एवढे सारे घडून ती परतते ती पुन्हा शाळेच्या गणवेशातच! त्या क्षणी मी डोळे पुसत होते आणि लेखिकेला बोलही लावत होते.

लातूर

तेराव्या भागात किम शिनची राख होते, तिथे मी मालिका थांबवली होती. तो परत येतो हे मित्रांनी सांगितले, पण माझ्या मते राख झाली ती झाली. ही पाने वाचून आता गणवेशाचेही कळले. उरलेले तीन भाग रविवारी पाहायला घेतो. चिडलो तर इथेच लिहीन.