सल्ला हवा: १,१०,००० डॉलर, जीआयसी की बाँड फंड? (कॅनडा)

नाशिककर_मावशी
नमस्कार मंडळी. मी मिसिसागात राहते. वय ६२, पुढच्या जूनमध्ये डे-केअरमधून निवृत्त होतेय. हे ६६ चे, दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले. आम्ही २०१२ ला इथे आलो. बचत खात्यात १,१०,००० डॉलर नुसते पडून आहेत. त्यातले ३०,००० दीड वर्षात छपरासाठी लागतील, बाकीचे तीन-चार वर्षं तरी लागू नयेत. माझ्या टीएफएसएत (इथलं करमुक्त बचत खातं) २०,००० आहेत, ह्यांचंही तेवढंच. शेअर नकोत, मुद्दल हलता कामा नये. झेडएजी, एक्सबीबी, व्हीएबी ही बाँड फंडांची नावं ऐकली. बाँड फंड घ्यावा की जीआयसी (इथली ठरावीक व्याजाची मुदत ठेव)? टीएफएसए सोडून एकूण १,१०,००० च आहेत, वर काही नाही.

हॅमिल्टनवासी
मावशी, डोळे झाकून जीआयसी. मी ऑक्टोबर २०२३ मध्ये ५.३०% ने पाच वर्षांसाठी अडकवून टाकली. तेव्हा ऑफिसातले सगळे म्हणत होते की दर अजून वाढतील, थांब. मी थांबलो नाही. आता तेच लोक विचारतात कुठे मिळाली म्हणून.

बर्फातला_आंबा
५.३०% आता कुठे मिळणार? जून २०२४ पासून बँक ऑफ कॅनडाने दर बरेच उतरवले आहेत. मावशी आज विचारताहेत, २०२३ मध्ये नाही.

स्वानंदी_ब्रॅम्प्टन
बाँड फंडाच्या वाटेला जाऊ नका, कळकळीने सांगते. जानेवारी २०२१ मध्ये बँकेतल्या सल्लागाराने ५०,००० बाँड म्युच्युअल फंडात घालायला लावले. "अगदी सुरक्षित, एफडीसारखं" हे त्याचे शब्द. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टेटमेंट उघडलं तर आकडा ४२,००० च्या खाली. मी दोनदा चष्मा पुसून बघितलं. रात्रभर झोप नाही, सकाळी जाऊन विकून टाकलं. एमईआर (फंडाचा वार्षिक खर्च) सव्वा टक्क्याच्या वर होता हे नंतर मुलाने दाखवलं.

कॅलगरीकर
+१. बाँड म्हणजे सुरक्षित हा भ्रम आहे. त्यापेक्षा ऑल-इन-वन इंडेक्स ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) घ्या, ८०% शेअर वाला. १० वर्षांत दुप्पट होतील. माझे झाले.

नाशिककर_मावशी
शेअर नकोत असं वर लिहिलंय हो भाऊ.

केजी२
स्वानंदीताई, तुमचं झालं ते वाईटच. पण त्यात फंडाचा दोष किती आणि मुदतीचा किती, हे वेगळं करून बघायला हवं.

झेडएजी, एक्सबीबी, व्हीएबी तिन्ही जवळपास सारखेच: सरकारी, प्रांतिक आणि कंपन्यांच्या बाँडची मोठी टोपली, एमईआर ०.१०% च्या आसपास. ह्या टोपलीचं ड्युरेशन साधारण सात वर्षं. म्हणजे व्याजदर एक टक्का वर गेला की किंमत सुमारे सात टक्के खाली. मार्च २०२२ च्या सुरुवातीला बँक ऑफ कॅनडाचा दर ०.२५% होता, जुलै २०२३ ला ५%. २०२२ च्या एकाच वर्षात ही टोपली जवळपास १२% पडली. जुन्या कमी व्याजाच्या बाँडला कोण विचारणार, म्हणून भाव पडला. पण त्यानंतर टोपलीत येणारे नवे बाँड जास्त व्याजाचे आले. सात-आठ वर्षं हात न लावणाऱ्याला त्यात काही वावगं नाही. दीड वर्षात छप्पर घालणाऱ्याला मात्र चालणार नाही.

फंडच हवा असेल तर कमी मुदतीचा, एक्सएसबी किंवा व्हीएसबी. ड्युरेशन तीन वर्षांच्या आत, म्हणजे धक्काही लहान. पण "मुद्दल हलता कामा नये" ही अट तोही पूर्ण करत नाही. ह्या दोन्हींत ती अट जीआयसीच पूर्ण करते.

स्वानंदी_ब्रॅम्प्टन
हे त्या सल्लागाराने तेव्हा सांगितलं असतं तर!

पुणे३०
एवढे पैसे आहेत तर पुण्यात फ्लॅट घ्या. नाहीतर एनआरई एफडी (परदेशस्थ भारतीयांची भारतातली ठेव) करा, व्याज इथल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि करमुक्त!

केजी२
करमुक्त भारतात. तुम्ही कॅनडाचे रहिवासी असाल तर तेच व्याज इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. शिवाय भारतातल्या ठेवी, भाड्याने दिलेला फ्लॅट वगैरेची एकूण खरेदी किंमत १,००,००० कॅनेडियन डॉलरच्या वर गेली की परदेशी मालमत्ता जाहीर करायचा टी११३५ फॉर्म भरावा लागतो. तो न भरल्याचा दंड वेगळा.

पुणे३०
कोणी भरत नाही हो तो फॉर्म.

बर्फातला_आंबा
मी भरतो, दर वर्षी. आणि रुपयाचं काय? २०१२ च्या सुमारास कॅनेडियन डॉलर पंचावन्न रुपयांच्या आसपास होता, आता साठच्या वर. वरचं व्याज त्यात थोडं थोडं झिजतं. मावशींचा खर्च मिसिसागात आहे, छप्पर मिसिसागात आहे.

(फ्लॅटवरचे पुढचे प्रतिसाद संपादकांनी वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

ओवी_लंडन_ओंटारिओ
मावशी, आधी टीएफएसए भरा. व्याजावर इथे पूर्ण दराने कर लागतो, शेअरच्या नफ्यासारखी अर्धी सूट नाही. बाहेर पाच वर्षांची चक्रवाढ जीआयसी घेतली तर हातात काही न येताही दर वर्षी कर भरावा लागतो. तुमच्या दोघांच्या टीएफएसएत मिळून दोन लाखांवर जागा असेल.

केजी२
इतकी नाही. २००९ ते २०२५ चा १,०२,००० हा आकडा तेव्हापासून इथे असलेल्यांचा. २०१२ ला आलेल्यांना २००९, १० आणि ११ चे प्रत्येकी ५,००० मिळत नाहीत. म्हणजे २०२५ पर्यंत ८७,०००, आणि मधे काही काढलं नसेल तर २०,००० वजा जाता प्रत्येकी ६७,०००. तरी १,१०,००० आरामात मावतात. सीआरएच्या (इथल्या कर विभागाच्या) खात्यात आकडा बघूनच भरा, जास्त भरलं तर जादा रकमेवर महिन्याला एक टक्का दंड आहे.

हॅमिल्टनवासी
तेच म्हणतोय मी, जीआयसी. आणि शाखेत घेऊ नका! डिस्काउंट ब्रोकरकडे खातं उघडा, वीस-पंचवीस बँकांचे दर एका पानावर दिसतात. शिडी करा: एक, दोन, तीन, चार, पाच वर्षं, प्रत्येकी २२,०००. शाखेपेक्षा अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळतो. मी दर आठवड्याला बघतो.

ओवी_लंडन_ओंटारिओ
ब्रोकरला अनुमोदन. पण २२,००० ची समान शिडी कशाला? छपराचे ३०,००० एक वर्षाच्या जीआयसीत, बाकीचे पुढे.

विदर्भ_एक्सप्रेस
एक सांगतो. इथली नॉन-रिडीमेबल जीआयसी म्हणजे आपली एफडी नव्हे. २०१९ मध्ये बाबा अमरावतीत आयसीयूत होते. तिकिटं काढायची होती. मी शाखेत जाऊन म्हटलं, व्याज नको, दंड घ्या, पण मोडून द्या. काउंटरवरच्या मुलीने कागद फिरवून माझ्यासमोर धरला आणि पेनाने ती ओळ दाखवली: मुदतीपूर्वी परत मिळणार नाही. खाली माझीच सही. तिकिटं शेवटी क्रेडिट कार्डवर काढली. तर काहीतरी रक्कम काढता येण्याजोग्या जीआयसीत किंवा नुसत्या खात्यात ठेवाच.

कॅलगरीकर
म्हणून सीएएसएच ईटीएफ (बँकांच्या बचत खात्यांत पैसे ठेवणारा फंड). कधीही विका.

बर्फातला_आंबा
त्याचा दर बँक ऑफ कॅनडाबरोबर खाली आला आहे. आणि त्याच्या युनिटवर तुम्हाला सीडीआयसीचा (सरकारी ठेव विमा संस्थेचा) विमा नाही. जीआयसीवर आहे, पण एका बँकेत एकूण १,००,००० च.

केजी२
एकूण नाही, प्रत्येक प्रकाराला १,००,०००. एकट्याच्या नावे वेगळे, संयुक्त वेगळे, टीएफएसए वेगळे, आरआरएसपी (निवृत्तीचं बचत खातं) वेगळे. आणि टीएफएसए प्रत्येकाचा स्वतंत्र.

नाशिककर_मावशी
सगळ्यांचे आभार. एक गोष्ट आधी लिहिली नव्हती. आमच्या घरी पैशाचं सगळं हेच बघतात. मार्चमध्ये हे नऊ दिवस हॉस्पिटलात होते. हायड्रोचं (विजेचं) बिल भरायला मी लॅपटॉप उघडला तर कोड ह्यांच्या फोनवर जाणार, फोन बंद पडलेला, चार्जर सापडेना. पासवर्ड वहीत होता तो जुना. स्वयंपाकघरात उभी राहून रडले मी. तर मला असं काहीतरी हवं आहे जे मला एकटीला कळेल.

ओवी_लंडन_ओंटारिओ
मावशी, ब्रोकरचं खातं मी फोनवर शिकवते. दोन दिवसांत येईल तुम्हाला.

सावळा_गोंधळ
मी ह्या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय. माझे मिस्टर २०२१ मध्ये गेले. टीएफएसए संयुक्त नावाने उघडता येत नाही, पण त्यात नवरा किंवा बायकोला 'सक्सेसर होल्डर' नेमता येतं. नुसतं 'बेनिफिशिअरी' लिहिण्यात आणि ह्यात फरक आहे. सक्सेसर होल्डर असेल तर खातं आहे तसं करमुक्त तुमच्या नावे चालू राहतं, तुमच्या स्वतःच्या जागेला धक्का लागत नाही. आमच्या फॉर्मवर ती खूण होती म्हणून मला फार धावपळ करावी लागली नाही. दोघांचेही फॉर्म आजच काढून बघा. व्याजदर नंतर बघा.

नाशिककर_मावशी
सावळाताई, काल फॉर्म बघितले. ह्यांच्या टीएफएसएत ती जागा कोरी होती! आज शाखेत जाऊन दोघांनी सह्या केल्या.

आणि निर्णय घेतला. घरापासून चालत सात मिनिटांवर क्रेडिट युनियन (आपल्या पतसंस्थेसारखी) आहे, तिथे. ओंटारिओत क्रेडिट युनियनमधल्या टीएफएसएसारख्या खात्यांच्या ठेवींना पूर्ण संरक्षण आहे, हेही विचारून घेतलं. जुने टीएफएसए काढून नेणार नाही, नाहीतर जागा पुढच्या जानेवारीतच परत येते म्हणे, ते थेट ट्रान्सफर करतील. छपराचे ३०,००० एक वर्षाच्या जीआयसीत. ३०,००० दोन वर्षं, ३०,००० तीन वर्षं. विदर्भ यांनी सांगितल्याप्रमाणे २०,००० मोकळे. बाँड फंड नाही, ब्रोकर नाही.

हॅमिल्टनवासी
मावशी, अर्धा टक्का सोडताय तुम्ही! वर्षाला ४५० डॉलर!

नाशिककर_मावशी
हो, हिशोब केला. तिथली बाई माझ्याशी बोलते, ह्यांच्याशी नाही. मी एकटी गेले तरी काम होईल.

विदर्भ_एक्सप्रेस
मुदत संपली की पुष्कळ ठिकाणी आपोआप पुन्हा तेवढ्याच मुदतीला अडकते, त्या दिवसाच्या दराने. आठवडाभर आधी जाऊन सांगा.

नाशिककर_मावशी
पहिलीची तारीख २०२६ च्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली आहे, संकष्टीच्या खाली. बाकीच्या दोन चिकटपट्टीने मागच्या पानावर लावल्यात, पुढची कालनिर्णयं आली की उतरवून घेईन.