पर्यावरणाचे मार्क बंद करा!

खडूफळा: मी शिक्षक आहे, तरी सांगतो: 'पर्यावरण' हा मार्कांचा विषय म्हणून बंद करावा. प्लास्टिकचे दुष्परिणाम मुलं घडाघडा लिहितात आणि त्याच विषयाचा प्रकल्प थर्माकोल, चमकी लावून, वर प्लास्टिकचं कव्हर घालून आणतात. १९७७ मध्ये तिबिलिसीला (जॉर्जिया) भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टं मांडली, तेव्हा ज्ञानाच्या जोडीला कौशल्यं आणि प्रत्यक्ष सहभागही मागितला होता. आपण फक्त ज्ञान उचललं, कारण पेपरात तेवढंच विचारता येतं. त्यापेक्षा शाळेचं वीजमीटर, पाण्याची टाकी आणि कचऱ्याचे डबे मुलांच्या ताब्यात द्या. बोला.

हिशेबी: साफ असहमत. मार्क गेले की तासही गेला. ज्या विषयाला मार्क नाहीत त्याचा तास परीक्षेच्या तोंडावर गणिताचे सर घेऊन टाकतात, खेळाच्या तासाचं काय होतं ते आठवा. पेपर वाईट असेल तर पेपर बदला. आज 'कापडी पिशवी चांगली' एवढं लिहिलं की पैकीच्या पैकी. इंग्लंडच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सुती पिशवी १३१ वेळा वापरली तरच हवामानावरचा तिचा परिणाम एकदाच वापरून टाकलेल्या प्लास्टिक पिशवीपेक्षा कमी ठरतो. आता विचारा: तुमच्या घरात अशा पिशव्या किती, आणि त्यातली रोज हातात असते ती कोणती? हे पाठ करून लिहिता येत नाही.

रानभूल: +१. फुकट मिळालेल्या पिशव्यांचा ढीग प्रत्येक घरात असतो.

दोन मुलांची आई: तुम्ही दोघंही एकच गृहीत धरताय, की सुधारायचं ते मुलांनी. का म्हणे? घर कसं बांधायचं, बस आहे की नाही, वीज कशापासून बनते, यातलं काय पोरांच्या हातात आहे? वैयक्तिक 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे एकेका माणसामुळे हवेत किती कार्बन जातो ते, मोजायची टूम लोकप्रिय करण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा हात होता, हेही शिकवा की. माझी धाकटी रात्री विचारते, "मी मोठी होईपर्यंत पृथ्वी राहील ना?" हे शिक्षण नाही, धाक आहे.

रानभूल: ताई, धाक नको हे मान्य. पण मुलांच्या हातात काहीच नाही असं नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये आला. शाळेत हवामानबदल शिकलेल्या मुलांच्या पालकांची त्याबद्दलची काळजी वाढली, आणि मुलींनी वडिलांना जास्त हलवलं!

दोन मुलांची आई: काळजी वाढली. वापर घटला का?

खडूफळा: म्हणूनच मी मीटर म्हणतोय. शनिवारी शाळा सुटताना आकडा लिहायचा, सोमवारी उघडताना पुन्हा. मधल्या वेळात शाळेत कोणी नसतं, तरी युनिटं पडलेली असतात. मग मुलं शोधायला निघतात: वॉटर कूलर चालू, संगणक झोपलेले पण जागे, मागच्या खोलीतला पंखा आपला फिरतोय. यात पृथ्वी बुडायची भीती नाही, चोर पकडायची मजा आहे.

खताच्या ड्रमचंही तेच. नुसता ओला कचरा टाकला की दोन-चार दिवसांत असा वास सुटतो की आख्खा वर्ग नाक धरून उभा. सुका पाला मिसळला की वास बसतो. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, सुक्या पाल्यात कार्बन, आणि खताला नायट्रोजनच्या साधारण तीसपट कार्बन लागतो, हे त्या मुलांना पुन्हा सांगावं लागत नाही.

हिशेबी: आणि ती तुकडी पास होऊन गेली की ड्रम जिन्याखाली! उत्साही शिक्षकाची बदली झाली की मीटरकडे कोण बघतंय? नोंदवहीला मार्क ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीही कोणाला तरी ती लिहावी लागेल.

खडूफळा: वहीला एक वेळ चालतील. पण वापर वाढला तर कापणार का? कापलेत तर पोरं आकडे रंगवतील.

हिशेबी: वाढीला कापायचे नाहीत. का वाढला हे सांगता आलं की मार्क. आणि आज रंगवलेला आकडा पुढच्या वेळी मीटरशी जुळवताना नाकी नऊ येतील, तोही धडाच.

दोन मुलांची आई: मुख्याध्यापकांच्या केबिनमधला एसीही त्याच वहीत येणार असेल तर माझी हरकत नाही.