प्रति: डिसेंबरात मुलांसह गाविलगड

वरच्या प्रतिसादात गाविलगड किल्ल्यातच तंबू लावायचं सुचवलंय, ते करू नका. हा किल्ला मेळघाटच्या जंगलात आहे, अस्वल-बिबट्याचा वावर आहे. तंबू जवळच्या चिखलदरा गावात, जागामालकाला विचारून लावा. जमीन मुरमाड, खाली काळा दगड. तंबूसोबतच्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या दोन ठोक्यांत वाकतात. सुताराचे नऊ इंची लोखंडी खिळे न्या, तेही शिरले नाहीत तर दोरी मोठ्या दगडाला बांधा. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आतच दुमडा. बाहेर राहिली की तिच्यावर पडलेलं दव ओघळून तळाखाली जमतं अन् पहाटे पोरांची अंथरुणं ओली होतात.

पाणी चौघांना दोन दिवसांसाठी वीस लिटरच्या दोन कॅन. पेट्रोल घाटाखालच्या परतवाड्यातच भरा. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापून धरत नाहीत.

किल्ल्यात सकाळीच जा. दरवाजाच्या कमानीला आग्या मोहोळ दिसलं तर तिथूनच परत फिरा. धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात.

पोरांना तोफा दाखवाच, पण वर चढू देऊ नका. उन्हात लोखंड पोळतं. अन् बाहेरच्या किल्ल्याचा उत्तरेचा तट नक्की पाहा: इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने तोफांनी तिथलाच तट फोडला अन् १५ डिसेंबर १८०३ ला तिथून हल्ला केला. आतल्या किल्ल्याला मात्र शिड्या लावून चढावं लागलं. हा फरक जागेवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. परतल्यावर पायमोज्यांत, कानामागे गोचीड तपासा.