मदत हवी आहे : आई-बाबांसोबत ऱ्हाईन खोऱ्यातले किल्ले

नमस्कार मंडळी, आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे फ्रँकफर्टला आले आहेत. बिंगेन ते कोब्लेन्झ हा ऱ्हाईनचा पट्टा त्यांना निवांत दाखवायचा आहे. बाबांना पडके किल्ले मनापासून आवडतात, पण आता गुडघे साथ देत नाहीत. चढण चालेल, उंच पायऱ्या नकोत.

सांक्ट गोआरचा ऱ्हाईनफेल्स तर बघायचाच आहे. 1245 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला 1692 मध्ये फ्रेंचांच्या वेढ्याला पुरून उरला आणि 1797 मध्ये फ्रेंचांनीच सुरुंग लावून उडवला. बाबांना तटबंदी, भुयारं, माऱ्याच्या जागा बघण्यात खरा रस. तिथे आत कितपत फिरता येईल? गावातून वर जायला टॅक्सी सहज मिळते का?

मार्क्सबुर्ग कधीच उद्ध्वस्त झाला नाही, म्हणून तोही मनात आहे. पण आत खडकात कोरलेल्या ओबडधोबड पायऱ्या आहेत असं वाचलंय. वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलंय का?

नदीचं वळण वरून बघायला लोरेलाय बरं की बोपार्डचं फीरझेनब्लिक? बोपार्डला खुर्चीचा रोपवे आहे, पण आईला उघड्या खुर्चीत बसायची धास्ती वाटते. लोरेलायच्या माथ्यापर्यंत गाडी जाते, त्यामुळे माझा कल तिकडे आहे.

मधल्या टप्प्यात नदीवर पूल नाही, म्हणून गाडी फेरीबोटीवर चढवावी लागेल. त्यापेक्षा जाताना बोट आणि येताना रेल्वे बरी पडेल का? मुक्काम बाखाराखला करावा की बोपार्डला?