त्रिनिदादचा कार्निव्हल: तुम्ही कसा खेळलात?

त्रिनिदादला कार्निव्हलसाठी निघालेलं कुणी भेटलं की विचारतं, तिथे काय काय बघायचं? मी सांगते, बघायला जाऊ नका, खेळायला जा. मास म्हणजे सोंग, आणि तिथली माणसं मास 'खेळतात', आपण होळी खेळतो तशी. जे जाऊन आलेत त्यांनी इथे लिहा, दोन ओळी असोत की दोन पानं. सुरुवात मी करते.

मी 2024 ला गेले होते. राखेच्या बुधवारच्या (ख्रिस्ती उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो) आधीचे सोमवार-मंगळवार हे मुख्य दिवस, म्हणजे त्या वर्षी 12 आणि 13 फेब्रुवारी. सोमवारी पहाटे चारला 'जूव्हे', म्हणजे चिखल-रंग फासून नाचायची पहाटमिरवणूक, सुरू होतो. तीनलाच उठले. घरमालकीणबाईंनी आदल्या रात्री बजावलं होतं: फेकून द्यायचेच कपडे घाल आणि अंगाला आधी भरपूर तेल चोळ, नाहीतर चिखल निघायचा नाही. रस्त्यावर पिंपंच्या पिंपं चिखल, रंग, कुणाकडे तर पातळ केलेलं चॉकलेट. एक सत्तरीच्या बाई समोर आल्या, "लावू का?" म्हणून विचारलं, मी मान हलवली, आणि त्यांनी दोन्ही गालांवर गार चिखल असा फिरवला, जशी माझी आई हळदीला हळद लावायची. उजाडलं तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा चिखल वाळून त्याला बारीक भेगा पडल्या होत्या. कोण गोरं, कोण काळं, कोण परदेशी, काही कळत नव्हतं. मला तिथून हलावंसंच वाटेना.

*

मी पुण्यात अकरा वर्षं पथकात ताशा वाजवतोय, त्यामुळे माझा ओढा पॅनयार्डकडे. कार्निव्हलच्या आधीचे दोन-तीन आठवडे प्रत्येक स्टीलबँडच्या अंगणात रात्री उशिरापर्यंत तालीम चालते. आपण जाऊन कट्ट्यावर बसायचं. ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्सच्या अंगणात मी सलग चार रात्री गेलो. शंभराहून जास्त वादक, आणि पुढ्यात कागद नाही. सगळं कानाने पाठ. मधोमध 'इंजिन रूम', तिथे मोटारीचे जुने ब्रेक-ड्रम लोखंडी कांबीने बडवतात. तो ठोका छातीत बसतो, आपल्या टोलासारखा.

पॅन म्हणजे तेलाचं पिंप. त्याचा तळ हातोडीने ठोकून वाटीसारखा खोल करायचा, मग एकेक सूर ठोकून काढायचा. हे वाद्य का जन्मलं तेही तिथे जाताना माहीत असावं. 1881 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला कार्निव्हलच्या मशालींच्या मिरवणुकीवरून लोकांची आणि पोलिसांची मोठी चकमक झाली. पुढे सरकारने ढोलांवर बंधनं आणली. मग लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला, त्यातून बिस्किटांचे डबे, कचऱ्याच्या डब्यांची झाकणं आणि शेवटी पिंपं. आज ते त्यांचं राष्ट्रीय वाद्य आहे. 1884 मध्ये सान फर्नांडोला होसेच्या, म्हणजे मोहरमच्या, मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात ऊसमळ्यांवर राबणारे आपल्याकडचे मजूर मेले. ते वाजवायचे ते 'तासा' आजही वाजतात, सोबत झांज. वाजवण्याआधी जाळ करून चामडं शेकतात. ते बघून माझा हात आपोआप पुढे गेला. तिथल्या वादकाने काही न विचारता मला काड्या दिल्या.

पॅनोरमाच्या, म्हणजे स्टीलबँडच्या स्पर्धेच्या, दिवशी क्वीन्स पार्क सव्हानाच्या मैदानात वाद्यांचे चाकांचे सांगाडे मंचापर्यंत ढकलत न्यावे लागतात. ढकलायला कोणीही हात लावावा. मी लावला. 1963 पासून चाललेल्या त्या स्पर्धेत माझे म्हणून तेवढे वीस फूट आहेत.

*

डबल्सचं, तिथल्या रस्त्यावरच्या खाण्याचं, कुणी लिहिलंच नाही! हळदीचे मऊ 'बारा', म्हणजे तळलेल्या पुऱ्या, मधे छोल्याची रस्सेदार भाजी, चिंचेची चटणी, काकडी, वर कुचेला, म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं. मिरची किती हवी ते आधीच सांगा. 'स्लाइट' म्हटलं तरी झणझणीत असतं. कागदावर घेऊन उभ्यानेच खायचं. रात्रभर नाचून सकाळी सहाला खाल्लेलं ते डबल्स मी जन्मभर विसरणार नाही.

*

मी मडगावची. आमचा इंत्रूजही, म्हणजे गोव्याचा कार्निव्हल, त्याच दिवसांत येतो, त्यामुळे घरी किंग मोमो, आमचा कार्निव्हलचा राजा, सोडून मी तिकडे गेले याचा आईला राग होता. फरक मोठा आहे. आमच्याकडे चित्ररथ जातात आणि आम्ही कडेला उभे राहतो. तिथे एकेका बँडमध्ये, म्हणजे मास खेळणाऱ्यांच्या गटात, हजारो माणसं एकाच विषयावरचे पोशाख घालून चालतात. पण पिसांचा पोशाख महाग, शेकडो अमेरिकन डॉलर लागतात, आणि नोंदणी काही महिने आधी करावी लागते. माझ्या बँडने पोशाख द्यायला सहा तास रांगेत उभं केलं. माझ्या मापाचे बूट नव्हतेच. स्वतःचे जुने बूट न्याच, नव्या बुटांनी मंगळवारी दुपारी पायांचं भरीत होतं.

मला खरं भावलं ते पारामिन. डोंगरातलं गाव. सोमवारी संध्याकाळी तिथले निळे सैतान उतरतात, तोंडातून आग फेकत, पैसे मागत. पूर्वी अंगाला कपड्यांना द्यायची नीळच फासत. लहान पोरं डब्यावर ताल धरतात. शिमग्यात आमच्या दारात येणारी सोंगं आठवली आणि मी खिशातली सगळी नाणी देऊन टाकली.

*

आईला घेऊन गेलो होतो, वय 68. गर्दी झेपेल का ही धास्ती होती, म्हणून शनिवारी मुलांच्या कार्निव्हलला नेलं. सावलीतली जागा धरली, पाणी, टोपी, कानात कापूस. उंच काठ्यांवर चालणारे मोको जंबी समोरून गेले. त्यातला एक जण जेमतेम दहा वर्षांचा असेल. आईने श्वास रोखून धरला होता.

मग फुलपाखराचे पंख लावलेली एक चिमुरडी गर्दीतून वाट काढत आमच्या दिशेने धावत आली आणि ओरडली, "आजी!" तिकडे भोजपुरी घरांतून वडिलांच्या आईला अजून आजीच म्हणतात, हे आम्हाला कुठे ठाऊक. तिची आजी आमच्या मागेच बसली होती. पण तोवर माझ्या आईने दोन्ही हात पसरले होते, आणि ती पोर क्षणभर थांबून त्या हातांत आधी शिरली.