वर्षाचं धान्य भरायचं की महिन्याचं आणायचं? (घरात वाद झालाय, तुम्हीच सांगा)

विश्रामबागकर

शिमगा झाला की आमच्या घरात पत्र्याच्या कोठ्या उन्हात पडायच्या. सासूबाई असेपर्यंत यात खंड नव्हता. मधली सहा-सात वर्षं मीच बंद केलं. फ्लॅट लहान, गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, आणि पोरं म्हणायची, "आई, पाच किलोची पिशवी मिळते की."

मिळते. पण गेल्या वर्षाच्या चिठ्ठ्या काढून बसले. चार माणसांना दीड क्विंटल गहू आणि एक क्विंटल शाळू (रब्बी ज्वारी) लागला. मला सुट्टा गहू सरासरी 42 रुपयांनी पडला, शाळू 58 नं. माझ्या बहिणीनं इथंच सांगलीत सुगीला पोत्यानं घेतला, तिला गहू 36 आणि शाळू 48. म्हणजे माझे 1900 रुपये जास्त गेले. डाळी, तेल यात धरलेलंच नाही.

खरं सांगायचं तर पैशापेक्षा धास्ती मोठी. मे 2025 मध्ये सीमेवर गोळाबार सुरू झाला आणि मोबाइलवर "धान्य भरून ठेवा" सुरू झालं, तेव्हा मीपण रात्री नऊला पिशवी घेऊन पळाले. लाजच वाटते आता. दुकानात जे उरलं होतं ते उचललं. घरी येऊन बघते तर चार किलो मसूर आणि सहा पुडे साबुदाणा. आमच्यात उपास करणारं कुणी नाही! दोन-चार दिवसांत सगळं शांत झालं, साबुदाणा मात्र दिवाळीपर्यंत पुरला.

म्हणून यंदा परत कोठ्या भरायच्या म्हणतेय. नवरा म्हणतो ही साठेबाजी. मी म्हणते बेगमी. बोला.

पेठेतला काटा

ताई, आमचं किराण्याचं दुकान आहे, तिसरी पिढी. गिऱ्हाईक तोडणारं बोलतोय, पण बोलतो.

तुम्ही सुगीला 10,200 रुपये घालणार. बँकेत सात टक्के धरले तरी वर्षाचं व्याज 714. वरून पाच-सहा किलो भुंग्यांनी खाल्लं, निवडायला-चाळायला बाई लावली, की तुमच्या 1900 मधले हजारही उरत नाहीत. त्या हजारासाठी बेडरूममध्ये कोठी?

दुसरं म्हणजे तुम्ही भलतीकडेच घाबरताय. गहू-तांदळाची टंचाई देशाला नाही. 1 जुलैला सरकारी गोदामात गव्हाचा साठा कमीत कमी 275.8 लाख टन असावा असा नियमच आहे. धास्ती घ्यायचीच तर तेलाची घ्या. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली आणि इथं पेठेत फोन खणखणायला लागले. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. मे 2025 ला तो साडेसोळावर आला. आता सांगा, तेल वर्षाचं भरणार? खवट होईल.

आणि डबा घेताना एक बघत जा. 15 किलोचा आणि 15 लिटरचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. लिटरच्या डब्यात तेल असतं साधारण 13.65 किलो. गिऱ्हाईक दर विचारतं, वजन विचारत नाही.

विश्रामबागकर

डब्याचं बरं सांगितलंत. आमच्या स्वयंपाकघरात आत्ता जो आहे तो लिटरचा निघाला.

पण व्याजाचा हिशोब चुकला तुमचा. 10,200 वर्षभर अडकत नाहीत. पोतं पहिल्या दिवसापासून रिकामं व्हायला लागतं, म्हणजे सरासरी निम्मेच पैसे अडकले. व्याज साडेतीनशे. काट्यावर बसून असं मारू नका हो.

जतकर

तुमचं दोघांचं झालं का? आता ज्यानं पिकवलं त्याचं ऐका.

58 रुपयांची ज्वारी महाग वाटती. उपटायला चला एकदा. पात हाताला कापतं, दुसऱ्या दिवशी मूठ मिटत न्हाई. बायका मिळत न्हाईत, मिळाल्या तर मजुरीतच निम्मी ज्वारी जाती. आम्ही अजून शाळू पेरतोय तो कडब्यासाठी, दारात जनावरं हायत म्हणून. आमच्याकडं म्हैसाळ योजनेचं पाणी जिथं जिथं पोचलं तिथं लोकांनी ऊस लावला, द्राक्षं लावली. पाणी आलं आणि ज्वारी गेली. मग ती महाग होणार न्हाई तर काय?

भाव चढला की सरकार धावत येतं. कांद्याची निर्यात 8 डिसेंबर 2023 ला बंद केली ती 4 मे 2024 पर्यंत. गव्हाची 13 मे 2022 ला, एका रात्रीत. भाव पडल्यावर रात्रीतून काही केलेलं आठवतंय का कुणाला? सोयाबीनचा हमीभाव 2024-25 ला 4892 होता. बाजारात त्याच्या खाली विकलं लोकांनी, अगदी चार हजारानं. आणि त्याच दिवाळीत तेल महाग म्हणून तुम्ही रडत होता. हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा.

पेठेतला काटा

मी सांगतो दादा. सोयाबीनमध्ये तेल निघतं शेकडा 18-20. बाकीची पेंड. गिरणीवाला बियाण्याला भाव देतो तो पेंडीकडे बघून. आता मका आणि तांदळापासून इथेनॉल काढतात, त्याचा चोथा कोंबडी खाद्याला स्वस्तात मिळतो. पेंडीचा उठाव गेला, सोयाबीन बसलं. तेल वर, बी खाली, दोन्ही एकाच वेळी. यात दुकानदारानं काही खाल्लेलं नाही, हेही लिहून ठेवा.

जतकर

लिहून ठिवलं. पटलं मात्र न्हाई.

कुपवाड शिफ्ट

वाचतोय मगापासून. बेगमी की साठेबाजी, हा वाद 10,200 रुपये एकदम काढता येणाऱ्यांचा आहे.

एमआयडीसीत कामाला आहे. पगार दहा तारखेला. खोली दहा बाय बारा, आम्ही चौघं. कोठी ठेवली तर झोपायचं कुठं? गहू दहा किलो आणतो, तेलाची पिशवी संपली की दुसरी. त्यामुळे सगळ्यात महाग दर आम्हीच देतो, हे कळतं. गरीब माणूस सुट्टं घेतो आणि सुट्टं नेहमीच महाग पडतं.

रेशन म्हणाल तर शहरात वर्षाचं उत्पन्न 59 हजाराच्या आत पाहिजे. महिन्याला पाच हजारसुद्धा नाही झाले. त्यात कोण बसतं? धुणंभांडी करणारी बाईसुद्धा चार घरं धरली की बाहेर. आत असतो तर माणशी पाच किलो, म्हणजे चौघांचे 20 किलो फुकट मिळाले असते. ताई, तुमचा महिन्याचा गहू-ज्वारीचा हिशोब बरोबर तेवढाच येतो, करून बघा.

आणि तुम्ही सगळे एकदम पोती उचलायला लागलात की बाजार चढतो. तो आमच्या दहा किलोवर येतो.

विश्रामबागकर

केला हिशोब. 250 किलो भागिले बारा, 20 च्या वरच येतो. यावर मला काही बोलता येत नाही.

फक्त शेवटचं मान्य नाही. सुगीला आवक भरपूर असते, तेव्हा घेतलं तर कुणाचं तोंडचं जात नाही. मी मे महिन्यात रात्री नऊला जे केलं त्यानं जातं. तो मसूर खरं तर तुमच्यासारख्या कुणाच्या तरी घरी जायचा होता.

57 फूट

माझं नाव बघूनच कळलं असेल. ऑगस्ट 2019 चा महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. आमचं घर तळमजल्यावर, मारुती चौकापासून जवळ.

दोन कोठ्या गहू, एक ज्वारी, तांदळाची दोन पोती. मे महिन्यातच भरलेलं. आईला वाटलं 2005 ला आलं होतं तेवढंच येईल, म्हणून कोठ्या ओट्यावर चढवल्या. आठ-नऊ दिवसांनी दार उघडलं. भिजलेला गहू फुगून पत्र्याची कोठी शिवणीवर फाटली होती. आत मोड आलेले, मधोमध काळा चिखल. तो वास मला अजून धान्याच्या दुकानात गेलो तरी येतो. घमेल्यानं उपसून रस्त्यावर टाकलं, पालिकेच्या ट्रॅक्टरनं उचलून नेलं. आई गादी गेली म्हणून रडली नाही, फ्रिज गेला म्हणून नाही. गव्हासाठी रडली.

हरिपूरची हळदीची पेवंसुद्धा (जमिनीत खणलेली कोठारं) 2005 च्या पाण्यात गेली, तिथं आपल्या कोठ्यांचं काय? तेव्हापासून आमच्याकडे पंधरा दिवसांचंच आणतो.

हां, पण खरं आहे ते सांगतो. त्या आठवड्यात हायवे बंद, दूध नाही, भाजी नाही. आम्ही ज्या मावशीकडे दुसऱ्या मजल्यावर जाऊन राहिलो तिच्याकडे वर्षाचं भरलेलं होतं. अकरा माणसं सहा दिवस जेवली.

पेठेतला काटा

गणपती पेठेत आमच्या गोदामातही तेच. साखर तर राहिलीच नाही, नुसती रिकामी पोती. त्यावर जास्त बोलत नाही.

मिलो खाल्लेला

काटा, तुम्ही म्हणता टंचाई नाही. तुमचं वय किती? 1972 ला मी बारा वर्षांचा होतो, आटपाडीच्या बाजूला. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला. तिथं सुकडी मिळायची, ती मी फडक्यात बांधून धाकट्या बहिणीला आणायचो. रेशनला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापायला घेतली की काठ फुटायचे, आई पाण्याचा हात लावून लावून थकायची. खिशात पैसे नसणं मी पाहिलंय. पण पैसे हातात घेऊन वडील बाजारातून मोकळ्या पिशवीनं परत आलेले पण पाहिलेत. ते दुसरं जास्त भीतीदायक.

त्यामुळे आमच्या घरात आजही सहा महिन्यांची ज्वारी असतेच. सुना हसतात. हसू दे.

कुपवाड शिफ्ट

काका, राग मानू नका. पण तेव्हा ज्याच्या पेवात ज्वारी होती तो खडी फोडायला आला नसेल.

मिलो खाल्लेला

नाही आला. आमच्याच गावात एकाचं पेव होतं. वडील त्याच्याकडे दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यानं दिली, पण सुगीला दीडपट परत घ्यायच्या बोलीवर. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे बाळा.

जतकर

काका, पेवात उतरताना कंदील सोडायचे का ओ आधी? आमचा आजा सांगायचा.

मिलो खाल्लेला

सोडायचेच. तोंड उघडून आधी बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील. विझला तर माणूस उतरवायचा नाही. आत श्वास घ्यायला हवाच नसते, म्हणून तर किडा जगत नाही. विश्रामबागकर, तुमच्या कोठीचं तेच तत्त्व. कडक उन्हात दोन दिवस वाळवायचं, गार झाल्यावर काठोकाठ भरायचं, झाकणाची फट बंद करायची आणि सारखं उघडायचं नाही. महिन्याचं वेगळ्या डब्यात काढून घ्या.

57 फूट

आणि कुणीही त्या विषारी गोळ्या ठेवू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइड. गोदामातलं औषध आहे ते, त्यातून वायू सुटतो. झोपायच्या खोलीत धान्याला लावून माणसं मेलेली आहेत. एरंडेल चोळा, कडुनिंबाचा पाला घाला, नाहीतर भुंगे खाऊ देत.

कुपवाड शिफ्ट

एक सुचतंय. आमच्या चाळीत सहा खोल्या आहेत. सहा जणांनी मिळून ज्वारीची दोन पोती घेतली तर सुगीचा दर मिळेल ना? ठेवायचा प्रश्न आहे फक्त. ताई, तुमच्या कोठीत एक पोतं आमचं बसेल का? मी शिफ्ट संपली की महिन्याला येऊन घेऊन जाईन. माझ्या वाटणीचे पैसे दहा तारखेला.

विश्रामबागकर

बसेल. एक कोठी तुमचीच समजा. गच्चीची किल्ली मिळवणं मात्र तुमच्यावर. सेक्रेटरी माझं ऐकत नाही.

जतकर, तुमची ज्वारी निघाली का? आमची एक क्विंटल आणि यांची दोन, तीन क्विंटल शाळू लागेल. मधे कुणी नको, थेट तुमच्याकडून घेतो.

पेठेतला काटा

वा! माझ्यासमोर मलाच काढून टाकलं.

जतकर

मळणी परवा झाली. चांगली टपोरी हाय, दगड-माती न्हाई. 52 नं देतो, सांगलीत पोच. पोत्याचं वेगळं घेत न्हाई.

विश्रामबागकर

52? बहिणीला 48 नं मिळाली होती ओ. तीन क्विंटल घेतोय, 48 ला नाही का जमायची?

जतकर

बाई, मग मी एवढा वेळ काय लिहीत होतो?