एमआरआयवरून अल्झायमरचे निदान: ९८ टक्के अचूकता खरी मानावी का?

प्रश्न: २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘एडीएनआय’ या अल्झायमर संशोधन प्रकल्पातील एमआरआय प्रतिमांचा प्रत्येक छेद (मेंदूच्या एका पातळ थराचे चित्र) स्वतंत्र धरून मी त्यांची प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन संचांत यादृच्छिक विभागणी केली आणि न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारे संगणकीय मॉडेल) प्रशिक्षित केले. चाचणीत ९८ टक्के अचूकता येते. ती विश्वासार्ह आहे का?

प्रतिसाद १: नाही. एकाच रुग्णाचे लगतचे छेद जवळजवळ सारखेच असतात. ते प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्ही संचांत गेले, की मॉडेल आजाराऐवजी माणूस ओळखू लागते. विभागणी रुग्णनिहायच हवी.

प्रतिसाद २: सहमत. शिवाय हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित मेंदूचा भाग) अल्झायमरप्रमाणेच वयोमानानेही आकसतो, त्यामुळे निरोगी गट तरुण असल्यास मॉडेल (बिचारे!) वयच मोजत बसेल.

प्रतिसाद ३: अंतिम पडताळणी ‘ओएसिस’ या मेंदूच्या एमआरआय प्रतिमांच्या खुल्या संग्रहासारख्या, प्रशिक्षणात मुळीच न वापरलेल्या संचावर करावी, कारण स्कॅनर बदलताच अनेक मॉडेल्स गडबडतात.